मामांच्या फळीवरचे चिमटे

वर्षातून एकदा संस्थेचा फॉर्म यायचा, आणि तो आला की अर्ध्या इमारतीची पावलं दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या दाराकडे वळायची. कुणाचा चष्मा नेमका त्याच दिवशी हरवायचा, कुणाचं अक्षराशी जन्माचं वाकडं, कुणाला नुसताच कंटाळा. बाईंची नोकरी सरून सहा वर्षं झाली होती, पण हातातलं पेन काही सुटलं नव्हतं. त्या सगळ्यांना बसवून घ्यायच्या, पाणी द्यायच्या आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायच्या.

घरं संस्थेची होती. ज्यांना बाजारातलं भाडं झेपत नाही अशांसाठी संस्थेने ही इमारत बांधली होती. तळमजला धरून पाच मजले, मजल्यावर सहा घरं, लिफ्ट नाही. फॉर्मात विचारलेलं असायचं, ‘घराबद्दल आपण समाधानी आहात का?’ पुढे पाच चौकोन. बाईंचं पेन न अडखळता शेवटच्या चौकोनात जाऊन टेकायचं. पूर्ण समाधानी.

त्याला कारणं दोन. पहिलं बाईंचं स्वतःचं. सकाळी उठून डोळे मिटून घटकाभर बसायचं आणि दिवसभरात कुणाची निंदा तोंडातून काढायची नाही, असा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. चुकून निघालीच, तर दुसऱ्या दिवशीचा चहा सोडायचा. त्यांची धाकटी नणंद त्यांच्याजवळच राहायची, आणि या हिशेबावर तिची करडी नजर असायची. “वहिनी, काल तू दूधवाल्याला काय म्हणालीस ते ऐकलंय मी,” असं म्हणून ती वहिनीचा कप स्वतःकडे ओढून घ्यायची.

दुसरं कारण म्हणजे किल्लीमामा.

इमारतीची देखभाल मामांकडे होती. मुख्य दाराशेजारच्या खोलीत ते एकटे राहायचे, आणि त्या खोलीच्या भिंतीवर एक रुंद फळी होती. फळीवर तीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एका घराची जादा किल्ली. फार पूर्वी तळमजल्यावरच्या शिंपीदादांचा नळ बिघडला होता. दादांची जीभ बोलताना अडखळायची, त्यामुळे तक्रार सांगायचं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून त्यांनी मामा नसताना गुपचूप जाऊन आपल्या किल्लीला कपड्यांचा चिमटा लावला. मामांनी तो पाहिला आणि न विचारता हत्यारांची पेटी उचलून दादांचं दार वाजवलं. तेव्हापासून ती रीतच पडली. एक चिमटा म्हणजे सवडीने या, दोन म्हणजे आजच या. काम फत्ते झालं की मामा चिमटा काढून डब्यात टाकायचे. काम नुसतं तात्पुरतं भागवलं असेल, तर मात्र चिमटा तसाच ठेवायचे. “डोळ्यासमोर राहिला की मनाला टोचत राहतो,” म्हणायचे.

अशा माणसाच्या इमारतीला ‘असमाधानी’ लिहायला कुणाचा हात धजावणार? घराविरुद्ध लिहिणं म्हणजे मामांविरुद्ध लिहिणं, अशी सगळ्यांचीच समजूत होती. वर संस्थेतल्या साहेबांनी मामांना बोल लावला तर? त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

त्या वर्षी संस्थेच्या पाहणीच्या मॅडम स्वतः आल्या. नव्याच लागलेल्या, वयाने लहान, हातात फायलींचा गठ्ठा. त्यांनी मामांना काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं. संस्थेच्या साऱ्या इमारतींत ही पहिली, एकही तक्रार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी चौकट शर्टाच्या बाहीने पुसली आणि आपल्या दारावर टांगली.

आठ दिवसांनी दुसरा कागद आला. जिथे तक्रारीच नाहीत तिथे पूर्णवेळ माणूस ठेवण्याची गरज दिसत नाही, असं त्यात नम्रपणे लिहिलं होतं. पुढल्या महिन्यापासून रहिवाशांनी अडचण आल्यास सोबतच्या क्रमांकावर फोन करावा. मामांनी खोली रिकामी करावी. येत्या गुरुवारच्या बैठकीत यावर शिक्कामोर्तब होईल.

मामा तो कागद घेऊन बाईंकडे आले, कारण शब्द जड होते. बाईंनी वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला, कारण पहिल्या वेळी आपलंच काहीतरी चुकलं असेल असं त्यांना वाटलं. मामा दारातच उभे होते. ते इतकंच म्हणाले की किल्ल्या कुणाच्या हवाली करायच्या ते लिहिलेलं नाही, तेवढं विचारायला हवं. आणि जिना उतरून गेले.

खाटेवर विणत बसलेल्या नणंदेने सगळं ऐकलं होतं. तिचे गुडघे धरलेले, दोन वर्षांत ती जिना उतरली नव्हती, पण जिभेला काही झालं नव्हतं.

“करायला गेली काय अन् उलटे झाले पाय,” ती म्हणाली. “तीस घरांतली वीस तरी तूच गोडगोड लिहिलीस, वहिनी.”

“वन्सं, मी कुणाचं वाईट लिहिलं नाही.”

“तेच म्हणतेय मी.” आणि तिला खोकल्याची उबळ आली.

खोकला त्या खोलीचाच होता. नणंदेच्या खाटेमागची भिंत दर पावसाळ्यातच नव्हे, बारा महिने ओली असायची. मामा चार-सहा महिन्यांनी यायचे, पोपडे खरवडायचे, लुकण भरायचे, पांढराशुभ्र रंग मारायचे. पंधरा दिवस भिंत नवरीसारखी दिसायची, मग पुन्हा काळपट डाग वर यायचे. संस्थेचं एक पत्रक सगळ्यांना मिळालं होतं. ओल येते ती राहणाऱ्यांच्या सवयींमुळे, घरात कपडे वाळवू नका, खिडक्या उघड्या ठेवा. ते वाचल्यापासून बाई ओले कपडे गच्चीवर नेऊ लागल्या. भिंत सुकली नाही, तेव्हा आपल्याच नीटनेटकेपणात कुठे खोट राहतेय असं त्यांनी मनाशी धरलं आणि पाहुणा आला की त्या खोलीचं दार ओढून घेऊ लागल्या. फॉर्मात आपल्या घरापुढेही त्यांनी लिहिलं होतं, पूर्ण समाधानी.

त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी घटकाभर बसायला गेल्या तर मिटल्या डोळ्यांपुढे तो शेवटचा चौकोन येऊन बसला. नेमाची त्यांना आता थोडी भीतीच वाटू लागली होती. निंदा नको म्हणता म्हणता आपण खोटं तर नाही ना बोललो?

दहाच्या सुमारास त्या संस्थेच्या कार्यालयात गेल्या. पाहणीच्या मॅडमनी खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण त्या म्हणाल्या की बैठकीत त्यांच्या वाईट वाटण्याला काही किंमत नाही, तिथे कागद बोलतो. आणि तुमच्या इमारतीचा कागद सलग चार वर्षं म्हणतोय की सगळं उत्तम आहे. बुधवारी दुपारी मी येते, लोकांनी खरं काय ते माझ्यासमोर सांगावं, मी गुरुवारी मांडेन.

बाई परतल्या आणि दारोदार निघाल्या. ज्यांच्यासाठी गोड लिहिलं, त्यांच्याकडूनच आता कडू मागायचं होतं. कुणी दाद देईना. बस चालवणारे चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, आमच्या घरी सगळं झकास आहे, मामा देवमाणूस आहेत. बाईंना त्यांच्या खांद्यावरून आतल्या भिंतीला टेकवून ठेवलेलं उंच कपाट दिसलं. कपाट दाराच्या अर्ध्यात आलेलं होतं. अशा जागी कुणी हौसेने कपाट ठेवत नाही. पहिल्या मजल्यावरच्या परिचारिकेने स्वच्छ सांगितलं, “बाई, माणूस जाताना त्याच्या पाठीवर तक्रारी लादायच्या? माझ्याच्याने नाही होणार.” तक्रारी नाहीत म्हणूनच तो चाललाय, हे वाक्य त्यांनी पाच दारांत पाच वेळा उच्चारलं, आणि पाचही वेळा ते कोड्यासारखं वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी मामांनीच त्यांना जिन्यात गाठलं. हातात झाडू होता. नजर पायरीवर.

“बाई, तुम्ही माझ्याविरुद्ध लिहून घेताय म्हणे.”

“तुमच्याविरुद्ध नाही, मामा. घराविरुद्ध.”

“घर म्हणजे मीच की. चुकलं असेल तर मला सांगायचं. मी परत रंग दिला असता.”

नेम मोडायचा नव्हता, पण आता गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं होतं. त्या दोन पायऱ्या खाली आल्या, म्हणजे त्यांना मामांच्या डोळ्यांना डोळा देता आला.

“तोच तर घोळ झाला. तुम्ही रंग मारलात म्हणून ओल भिंतीवर दिसेना. मी खूण केली म्हणून ती कागदावर दिसेना. आपण दोघांनी मिळून एकाच भिंतीला रंग दिला, मामा. आणि आत माझी नणंद खोकतेय.”

मामा हळूच म्हणाले की संस्थेकडे त्यांनीही दोनदा ओलीचं सांगितलं होतं, फोनवर. पलीकडून त्यांना पत्रकच वाचून दाखवलं. मग त्यांनी रंगाचा डबा आणला. आणि ते झाडत झाडत वरच्या मजल्याकडे निघून गेले. ‘या’ म्हणाले नाहीत, ‘येऊ नका’ही म्हणाले नाहीत.

बाईंनी घरी येऊन नणंदेला विचारलं, कारण दुसऱ्या कुणाला विचारणार? “वन्सं, उद्या मी भिंतीचं सांगितलं तर ती निंदा होईल का हो?”

“निंदा माणसाची होते. भिंतीला कधीपासून अपमान वाटायला लागला?” नणंदेने सुई लोकरीत खोचली. “आणि चहाचं म्हणत असशील, तर परवाचा मी तुला माझ्यातला अर्धा देईन.”

बुधवारी दुपारी मॅडम आल्या. मामांच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या. समोर प्रवेशदाराच्या मोकळ्या जागेत पंधरा-सोळा माणसं उभी होती. मामा आपल्या खोलीत कोपऱ्यात, जणू दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे. मॅडमनी फॉर्मातला पहिला प्रश्न वाचला. घराबद्दल समाधानी आहात का? सगळ्यांनी मामांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. हो, समाधानी. बाईंनी आपल्या भिंतीचं सांगितलं, अगदी स्पष्ट, पण त्यांचा एकटीचा आवाज त्या जागेत कापसासारखा पडला. मॅडमनी लिहून घेतलं. एक ओळ. एका ओळीने काय होणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज झाला. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. बाई धावल्या. दुसऱ्या मजल्यावरून निघालेली नणंद शेवटच्या वळणावर कठड्याला धरून उभी होती, घामाघूम, काखेत विणकामाची पिशवी.

“हात लावू नकोस, वहिनी. अर्ध्या तासाची मेहनत आहे, श्रेय तुला जाईल.”

शिंपीदादांनी मामांची खुर्ची पुढे केली. नणंद मॅडमच्या बाजूला टेकली, तोंड दारातून आतल्या भिंतीकडे. धाप ओसरेपर्यंत तिला बोलता येत नव्हतं, म्हणून ती नुसती बघत बसली. समोर फळी होती. ती तिने जन्मात कधी पाहिली नव्हती; तिच्या कानावर फक्त चिमट्यांच्या गोष्टी होत्या.

“मामा,” ती म्हणाली, “ही फळी म्हणजे आपली इमारतच की हो. खालची ओळ तळमजला, वरची चौथा.”

मामा म्हणाले, हो, तशाच लावल्यात किल्ल्या, सापडायला सोप्या.

“मग हे काय?” तिने काठीचं टोक उचललं. फळीवर इकडेतिकडे तीन-चार चिमटे होते. पण चौथ्या खिळ्यांची रांग, वरपासून खालपर्यंत, पाचही मजल्यांवर, चिमट्यांनी भरलेली होती. एकाखाली एक, सरळ. “विणताना वर एक टाका सुटला ना, की असंच होतं. खाली खाली उसवत जातं. खालच्या टाक्यांचा काही दोष नसतो. वरचा सुटलेला शोधायचा.”

मामा कोपऱ्यातून पुढे आले. हे चिमटे त्यांनी रोज पाहिले होते, रोज ते त्यांना टोचले होते, पण पाच वेगवेगळ्या माणसांची पाच कामं म्हणून. त्यांनी एकेका किल्लीवरून बोट खाली आणलं. “चौथ्यावर काका, मोरीमागची भिंत. तिसऱ्यावर आजी. दुसऱ्यावर बाई. पहिल्यावर सिस्टर. खाली दादा.” ते वळले. “सगळीकडे रंगच दिलाय मी.”

बाई मात्र आपल्याच किल्लीकडे बघत होत्या. तिथल्या चिमट्याला निळ्या लोकरीचा तुकडा बांधला होता. त्यांनी तर कधी चिमटा लावला नव्हता. मामा आपणहून रंग द्यायला येतात असंच त्या धरून चालल्या होत्या.

“दोन वर्षं झाली,” नणंद म्हणाली. “दादांच्या हातून पाठवला होता. तू कुठली लावतेयस.”

मॅडम खुर्चीवरून उठल्या होत्या. त्यांनी फॉर्म बंद केला आणि बसवाल्या काकांकडे पाहून साधंच विचारलं. तुमच्या घरात शेवटचं काय बिघडलं? कुणाला सांगितलंत? पुढे काय झालं?

समाधानाबद्दल विचारलं तेव्हा काका समाधानी होते. हे विचारल्यावर त्यांना खरं सांगावंच लागलं. कपाट का हलवलं ते त्यांनी सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं की त्यांना वाटायचं आपण भांडी फार धुतो म्हणून ओल येते. परिचारिका म्हणाली की तिनं ते पत्रक दाराच्या आत चिकटवलंय आणि तरी उशी दमटच. शिंपीदादांना दोनच शब्द जमले, “माझंही तसंच,” पण ते त्यांनी अडखळत का होईना, पूर्ण केले. प्रत्येकजण इतकी वर्षं आपापली लाज दार ओढून झाकत बसला होता, आणि लाज मुळात कुणाचीच नव्हती.

मॅडमनी फळीचा फोटो काढला. मग म्हणाल्या, “चार वर्षं आम्ही विचारतोय, आणि हा प्रश्न आमच्या फॉर्मात नाहीच.”

“आता घाला, बाळ,” बाई म्हणाल्या. मॅडम म्हणायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

गुरुवारी बैठक झाली. शुक्रवारी निकाल आला नाही, शनिवारी आला नाही. सोमवारी दोन नळवाले आले आणि त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या मोरीमागची भिंत फोडली. नळाच्या मुख्य पाइपचा एक सांधा आत पाझरत होता, थेंब थेंब, किती वर्षं कोण जाणे. मामा शेजारी उभे राहून बघत होते. नळवाल्याने सांधा काढून त्यांच्या हातावर ठेवला, तेव्हा त्यांनी तो खिशात घातला. का, ते कुणी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मॅडम स्वतः कागद घेऊन आल्या. मामांची जागा राहणार होती. कायमची असं लिहिलेलं नव्हतं. एक वर्ष पाहू, असं होतं. पण खाली आणखी एक ओळ होती, की संस्थेच्या दुसऱ्या इमारतींतही अशी फळी लावावी आणि ती कशी वापरायची हे मामांनी दाखवावं. दर महिन्याला मॅडम येतील, राहिलेले चिमटे उतरवून घेतील आणि प्रत्येकाचं काय झालं ते लेखी कळवतील. जे होणार नाही त्याचंही.

महिन्याभराने मामांनी दारावरची चौकट उतरवली. प्रशस्तिपत्र बाहेर काढून घडी केलं, आणि मॅडमचा पहिल्या महिन्याचा कागद आत सरकवला. तुम्ही काय सांगितलंत, आम्ही काय केलं, काय जमलं नाही आणि का. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं की जिन्यातल्या खिडक्या यंदा बदलता येणार नाहीत, कारण आधी आणखी दोन इमारतींची छपरं गळतायत. लोकांनी वाचलं. कुरकुरले थोडे. पण संस्थेने ‘नाही’ म्हणताना पहिल्यांदाच कारण दिलं होतं, आणि कारण दिलेल्या नकाराला माणूस निदान बसायला खुर्ची देतो.

भिंत सुकायला दोन महिने गेले. मामांनी या वेळी रंग द्यायची घाई केली नाही. रोज येऊन तळवा भिंतीला लावून पाहायचे, तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसे. एक दिवस म्हणाले, “आता देतो.” नणंदेचा खोकला पुरता गेला नाही, पण रात्रीची झोप तुटायची थांबली, आणि आठवड्यातून एकदा ती काठी टेकत खाली जायला लागली. फळीसमोर बसून विणायची. येणाऱ्याजाणाऱ्याला चिमटा नीट लावलाय का ते बघायची. मामा बाईंना म्हणाले की संस्थेने एक माणूस कमी करायचं ठरवलं होतं, इथे उलट एक वाढलाय.

पुढच्या वर्षी फॉर्म आला तेव्हा त्यात चौकोन कमी आणि रेघा जास्त होत्या. लोक तरीही बाईंकडेच आले. बाईंनी पाणी दिलं, प्रश्न वाचले, पण उत्तर स्वतःहून सुचवलं नाही. पेन टेकवून थांबायच्या, समोरच्याला बोलू द्यायच्या. सगळे गेल्यावर आपला फॉर्म पुढे ओढला. शेवटचं काय बिघडलं? त्यांनी डोळे मिटले, जरा वेळ बसल्या.

मग उठल्या, दोरीवरचा एक चिमटा काढला आणि जिना उतरल्या. मामा फळी पुसत होते.

“काय झालं, बाई?”

“गच्चीच्या दाराची कडी. वाऱ्याने आपटतं दार. सवडीने बघा.”

मामांनी हात पुढे केला. बाईंनी चिमटा त्यांच्या हातात दिला नाही. दुसऱ्या मजल्याच्या ओळीतला चौथा खिळा शोधला आणि स्वतःच्या हाताने तो लावला.